दुधाच्या खोक्यांतले मासे

लॉटी यारझिन्स्की बावीस वर्षं चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर सांभाळत होती. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळात दर शुक्रवारी तिथे माशांचं जेवण असायचं. तळलेला कॉड, बटाट्याचे पॅनकेक, कोबीची कोशिंबीर आणि राय ब्रेडचे दोन तुकडे. कॅथलिक यायचेच, पण दुसऱ्या पंथाचे लुथरनही यायचे, आणि ज्यांचा देवाशी वर्षभर काही संबंध नसे तेही यायचे. मॉस लेकसारख्या गावात मार्च महिन्यात संध्याकाळी दुसरं करण्यासारखं काही नसतं. तळं गोठलेलं, रस्ते गोठलेले, आणि घरातली माणसं एकमेकांना कंटाळलेली.

लॉटीचं वय सहासष्ट. बुटकी, रुंद, आणि हाताखालच्या बायकांना धाकात ठेवणारी. तेल किती तापलंय ते बघायला ती ब्रेडचा तुकडा टाकायची, कारण चर्चने आणून दिलेल्या थर्मामीटरवर तिचा विश्वास नव्हता. कोशिंबिरीत साखर किती घालायची यावरून एका बाईशी तिचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. घरात काही टाकून देणं तिला जमत नसे. दोऱ्याचे तुकडे, जॅमच्या बाटल्या, भेटवस्तूंचे कागद, सगळं धुऊन-पुसून, घड्या घालून फळीवर.

नोव्हेंबरमध्ये तिचा नवरा कॅझ गेला. सकाळी दाढी करताना खाली बसला तो उठलाच नाही. एक्केचाळीस वर्षांचा संसार. त्यानंतर लॉटीने त्याचे कपडे दिले, बूट दिले, बोट भाच्याला दिली. गॅरेजमधल्या पेटीसारख्या मोठ्या फ्रीझरला मात्र तिने हात लावला नाही. तो कॅझचा होता. मासे धरणं, साफ करणं, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत पाण्यात बुडवून गोठवून ठेवणं, हे सगळं त्याचं खातं. स्वतः लॉटीला मासे साफ करायचा वास सोसत नसे. फ्रीझर आपला गॅरेजमध्ये घुरघुरत राहिला.

त्या वर्षी उपासाच्या दुसऱ्या शुक्रवारी बर्फाचं वादळ झालं. दुपारी बारा वाजता फोन आला की कॉड घेऊन येणारा ट्रक महामार्गावर अडकलाय, आज काही यायचा नाही.

"मॅकरोनी करू या," फादर लेन म्हणाले. फादर नवे होते, चाळिशीचे, आणि कशानेही पटकन घाबरायचे.

"मॅकरोनी खायला कोणी वादळातून येत नाही, फादर," लॉटी म्हणाली. कोट चढवता चढवता तिने व्हर्जीला सांगितलं, "गाडी काढ. माझ्या घरी जायचंय."

व्हर्जी म्हणजे तिचा स्वयंपाकघरातला उजवा हात. दोघींनी गॅरेजचं दार ढकललं, फ्रीझरचं झाकण उचललं. आत दुधाची अठरा खोकी, तोंडं स्टेपलरने बंद केलेली. प्रत्येकावर कॅझच्या मोठ्या, शाळकरी अक्षरात तारीख आणि माशांचा आकडा.

"सगळे वॉलाय मासेच?" व्हर्जीने विचारलं.

"कॅझ दुसरं काही धरायचा का?"

"अगं, पण हे चालतं का? तळ्यातला वॉलाय विकता येत नाही ना?"

"विकतंय कोण? कॅझचे मासे मी चर्चला दिले. देवाला दिलेलं काय कोणी मोजत बसतं? पकड त्या बाजूने."

दहा खोकी त्यांनी नेली. लॉटीने प्रत्येक खोक्यावर बाहेरून गरम पाणी सोडलं, आतला बर्फाचा ठोकळा अलगद सिंकमध्ये घसरवला, आणि खोकी विसळून, उलटी वाळत घातली. चांगली खोकी होती. फेकायची कशाला?

वादळातूनही साठेक माणसं आली. प्रत्येकाला एकेकच तुकडा मिळाला, पॅनकेक मात्र हवे तेवढे. लॉटी खिडकीतून ताटं सरकवत होती. तिसऱ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी पहिला घास घेतला. एकाने काट्याने तुकडा उलटून बघितला. दुसऱ्याने त्याच्याकडे बघितलं. मग दोघंही खाली माना घालून खाऊ लागले. लॉटीला वाटलं, आवडलं असणार. कॉडची जाडजूड, ओलसर पाकळी कुठे आणि वॉलायचं हे पांढरं, गोडसर, नाजूक मांस कुठे! गावातला माणूस डोळ्यांवर पट्टी बांधूनही ओळखील.

आणि ओळखलंच. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. पुढच्या शुक्रवारी रांग तळघराच्या जिन्यावरून वर रस्त्यापर्यंत गेली. कॉडचा ट्रक वेळेवर आला होता, पण माणसं खिडकीशी येऊन आवाज खाली करून विचारत होती, "कॅझवाले आहेत का गं?" फादर लेन तर हात चोळतच आत आले.

"लॉटी, तुमच्याकडे अजून थोडे…?"

होते. तिने आणखी चार खोकी आणली होतीच. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. चार महिने कोणी कॅझचं नाव तिच्यासमोर घेत नव्हतं, घेतलंच तर चेहरा पाडून. आता माणसं त्याचं नाव घेऊन ताट पुढे करत होती.

रांगेत ड्वेन हाल्वरसन उभा होता. गणवेशात नव्हता, निळा स्वेटर घालून आला होता. पण ड्वेन या भागातल्या तळ्यांचा आणि जंगलांचा वॉर्डन होता, आणि शुक्रवारचं माशांचं जेवण जेवणाऱ्यांतला नव्हता. लॉटीने त्याचं ताट भरलं. तो "थँक यू, मिसेस यारझिन्स्की" म्हणाला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसला. अर्ध्या तासाने रिकामं ताट घेऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"बाहेर येता का जरा?"

"तेल तापलंय, ड्वेन. इथेच बोल."

त्याने बायकांकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे. "हा कॉड नव्हता."

"नव्हता."

"दारावर पाटी आहे. एक ताट, सहा डॉलर."

"ती देणगी आहे."

"पाटीवर देणगी लिहिलेलं नाही. जेवण लिहिलंय." तो अवघडला होता. "मला फोन आला होता. कोणाचा ते विचारू नका."

"विचारायचं कशाला? दर शुक्रवारी जिचं हॉटेल ओस पडतं तिचाच असणार," व्हर्जी कढईपाशी उभ्याउभ्याच म्हणाली.

"गळाने धरलेला मासा विकता येत नाही. बारमध्ये नाही, दुकानात नाही आणि चर्चमध्येही नाही. त्याचं आपण बघू. मासे कुठून आले?"

लॉटीला खोटं बोलता आलं असतं. पण ती खोटं बोलायला लागली की तिची मान लाल व्हायची, आणि हे तिला माहीत होतं. "माझ्या फ्रीझरमधून. म्हणजे कॅझच्या."

"किती होते?"

"खोक्यांवर लिहिलंय. मी धुऊन ठेवलीत."

ड्वेनने डोळे मिटले. "तुम्ही ती ठेवलीत?"

"चांगली खोकी आहेत."

"अर्धा तुकडा ठेवलास ना पुराव्याला?" व्हर्जीने विचारलं.

ड्वेनचे कान लाल झाले. "पाव तुकडा," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो गणवेशात घरी आला. गॅरेजमध्ये उभं राहून त्याने धुतलेली चौदा खोकी आणि आतली भरलेली चार ओळीने मांडली, आणि वरचे आकडे वहीत उतरवले. लॉटी दारात हाताची घडी घालून उभी होती.

"चोपन्न," तो म्हणाला.

"मग?"

"एका परवान्यामागे दहा. फ्रीझरमध्ये असले तरी दहाच. कॅझनेच मला हे शिकवलं. मी बारा वर्षांचा होतो, शाळेच्या जिममध्ये. म्हणाला होता, अकरावा मासा तुझा नसतो, तो चोरलेला असतो."

"कॅझने कधी जास्त आणले नाहीत."

"मलाही तसंच वाटायचं, मिसेस यारझिन्स्की." आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला लागलं. "पण तारखा सगळ्या गेल्या शरद ऋतूतल्या आहेत, अक्षर त्याचं आहे, फ्रीझर त्याचा आहे. मेलेल्या माणसाला मी दंड करू शकत नाही. पण रिपोर्ट लिहावा लागेल. मासे कुठून आले ते त्यात येणार. आणि रिपोर्टमधलं दर आठवड्याला पेपरमध्ये छापून येतं."

"धक्क्याचं काय?"

ड्वेनने वही खिशात घातली. मे महिन्यात मासेमारी क्लब तळ्यावर लहान मुलांसाठी लाकडी धक्का बांधणार होता. त्याला कॅझचं नाव द्यायचं डिसेंबरमध्येच ठरलं होतं. तीस वर्षं त्याने गावातल्या पोरांना गळ कसा टाकायचा आणि लहान मासा परत कसा सोडायचा ते शिकवलं होतं.

"बुधवारपर्यंत थांबतो," ड्वेन म्हणाला. खोकी त्याने आपल्या ट्रकमध्ये चढवली.

तो गेल्यावर लॉटी स्वयंपाकघरात जाऊन बसली, मग उठून ओटा पुसला, मग पुसलेला ओटा परत पुसला. चोपन्न. शरद ऋतूत कॅझ आठवड्यातून तीन-चारदा तळ्यावर जायचा, हे खरं. परत आला की गॅरेजचं दार आतून ओढून घ्यायचा. आतून रेडिओ ऐकू यायचा, सुरी घासल्याचा आवाज यायचा. दोन-दोन तास. ती विचारायची, "किती मिळाले?" तो म्हणायचा, "पुरेसे." एक्केचाळीस वर्षं तिने त्या एका शब्दावर समाधान मानलं होतं. पुरेसे म्हणजे किती, हे कधी विचारलं नाही.

दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर चार मैल परत जाणारा माणूस. त्याच्या या असल्या वागण्याचा तिला वैताग यायचा. आणि तोच माणूस दार लावून आत काय करत होता? मासेच लपवत होता, की आणखीही काही? रविवारी चर्चमध्ये तिला वाटलं, सगळे तिच्याकडेच बघताहेत. खरं तर सगळे फादर लेनकडे बघत होते. त्यांनी प्रवचनात तीनदा एकच वाक्य म्हटलं, कारण त्यांना वाटत होतं की आपल्याला अटक होणार.

सोमवारी तिला कॅझचा राग आला. साधासुधा नाही, चांगला जिवंतपणी यायचा तसला. ती कपड्यांना इस्त्री करत त्याच्याशी मोठ्याने भांडली. "चारचौघांत मला खाली बघायला लावलंस," ती म्हणाली, "आणि उत्तर द्यायला तू आहेस कुठे?"

मंगळवारी दुपारी तिने ठरवलं. पेपरमध्ये छापून यायच्या आत, क्लबने आपणहून कॅझचं नाव काढायच्या आत, आपणच जाऊन काढायला सांगायचं. निदान एवढं तरी आपल्या हातात राहील. क्लबचा सेक्रेटरी ऑर्डेल. ऑर्डेलचा बार. त्या बारच्या दारातून लॉटी आयुष्यात कधी आत गेली नव्हती. तिने चर्चला जायचा कोट घातला.

आत अंधार होता आणि बिअरचा आंबूस वास. बारवर पाच म्हातारे एका ओळीत बसले होते. ते पाचही जण वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्यांत राहायचे. एकेका खोलीत एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीबाहेर बर्फात ठेवलेलं लोणी. ह्युबर्ट पूर्वी रेल्वेत होता. अँब्रोझची दोन बोटं लाकडाच्या गिरणीत गेली होती. स्टाश काय करायचा ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. आणि लेविन्स्की भाऊ, दोघं, जे एकमेकांशी बोलत नसत. लॉटीला बघून पाचही जणांनी टोप्या काढल्या.

"ऑर्डेल," ती म्हणाली, "धक्क्यावरचं नाव काढून टाक."

ऑर्डेल ग्लास पुसत होता, तो थांबला. "कोणाचं, कॅझचं? का?"

"कारण उद्या पेपरमध्ये येणार आहे की त्याच्याकडे चोपन्न मासे होते. चव्वेचाळीस जास्त. मुलांच्या धक्क्याला मासे चोरणाऱ्याचं नाव नको." शेवटचं वाक्य तोंडून गेल्याबरोबर तिला स्वतःचाच राग आला.

ह्युबर्टने आपली बिअर पुढे सरकवली आणि तो स्टुलावरून उतरला. उतरायला त्याला वेळ लागला.

"लॉटी," तो म्हणाला, "ते मासे आमचे होते."

"काय?"

"कॅझचे चारच. बाकीचे आमचे. आम्हा पाचांचे. आमच्या खोल्यांत फ्रीझर कुठे आहे? त्याच्या बोटीतून जायचो, आपापले धरायचो, तो साफ करून ठेवायचा. डावा कोपरा माझा होता."

"माझा मधला," अँब्रोझ म्हणाला.

लॉटी त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी… तुमचे मासे…"

"तळलेस," स्टाश म्हणाला. "छान तळलेस. मी सहा डॉलर देऊन माझाच मासा खाल्ला. तुकडा तोंडात घातल्याबरोबर म्हटलं, अरे, हा आपला."

"गप रे," ह्युबर्ट म्हणाला.

"मग बोलला का नाहीत? चार महिने! फ्रीझर तसाच पडला होता!"

"कसं बोलणार? तू काळे कपडे घालून दारात उभी, लोक बुटांवरचा बर्फ झटकत आत येताहेत, आणि आम्ही म्हणायचं, वाईट झालं, लॉटी, बरं, आमचे मासे कुठे आहेत?"

तिला एक खुर्ची मिळाली, ती बसली. "कॅझने मला का नाही सांगितलं?"

पाच म्हातारे छताकडे, जमिनीकडे, बाटल्यांकडे बघू लागले. शेवटी ऑर्डेलच म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरचा नाताळ, लॉटी. स्टाश तुझ्या गालिच्यावर ओकला होता. तू म्हणालीस, ऑर्डेलच्या बारमधला एकही माणूस परत माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

तिला गालिचा आठवला. डागही आठवला. "घराचा म्हणाले होते मी," ती हळूच म्हणाली. "गॅरेजचा नाही."

"कॅझपण अगदी हेच म्हणायचा," ह्युबर्ट म्हणाला.

ऑर्डेलने ड्वेनला फोन केला. ड्वेन वीस मिनिटांत आला, सगळं ऐकून घेतलं, आणि मग टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला आनंद झालेला दिसत होता, पण तो दाखवायचा नाही असंही त्याने ठरवलेलं दिसत होतं.

"परवाने आहेत?"

पाच पाकिटं निघाली. पाच मळके परवाने बारवर पडले. पाच जणांचे पन्नास, कॅझचे दहा, म्हणजे साठ. चोपन्न त्यात बसत होते.

"पण हे आत्ता कोणीही म्हणू शकतं," ड्वेन म्हणाला. "खोक्यांवर नावं नाहीत. कॅझ माझ्याही जवळचा होता. म्हणूनच मला नीट विचारायला हवं. नाहीतर उद्या लोक म्हणतील, वॉर्डनने आपल्या गुरूला वाचवलं."

"विचार की," अँब्रोझ म्हणाला.

ड्वेनने ट्रकमधून खोकी आणली. एकेक खोकं तो आपल्याकडे तोंड करून धरायचा, आकडा हाताने झाकायचा आणि फक्त तारीख वाचायचा.

"दहा ऑक्टोबर."

"रविवार," ह्युबर्ट लगेच म्हणाला. "पहाटे धुकं होतं. आम्ही बेटाच्या मागे होतो. माझे दोन. एक एकोणीस इंच, दुसरा सोळा. सोळावाल्याच्या शेपटीला चावा होता. अँब्रोझला एक."

"दीड तास मी त्याच्याशी झुंजलो," अँब्रोझ म्हणाला.

"दहा मिनिटं."

"तू झोपला होतास, तुला काय माहीत?"

ड्वेनने खोक्यावरचा हात काढला. तीन. त्याने दुसरं उचललं. "एकोणीस ऑक्टोबर."

"मंगळवार. बर्फाचे पहिले कण पडले," स्टाश म्हणाला. "तिन्ही माझे. हिरव्या गळाला. कॅझ म्हणाला, स्टाश, आज तुझा दिवस आहे. माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच कोणी म्हणालं."

तीन. ड्वेनने तिसरं उचललं, चौथं, पाचवं. मुलीच्या लग्नाचं वर्ष ज्यांना सांगता आलं नसतं त्या म्हाताऱ्यांना प्रत्येक माशाची लांबी, वारा कुठून होता, गळाला कोणतं आमिष होतं आणि कोणी कोणाचा गळ गुंतवला हे सगळं आठवत होतं. एका खोक्यापाशी मात्र गाडी अडली.

"सव्वीस ऑक्टोबर," ड्वेन म्हणाला.

"दोन माझे," थोरला लेविन्स्की म्हणाला. "एक स्टाशचा."

धाकटा लेविन्स्की स्टाशकडे वळला. "त्याला सांग, त्यातला एक माझा."

"तो म्हणतो, एक त्याचा," स्टाश म्हणाला.

"त्याला सांग, मासा बोटीत मी घेतला. जाळं माझ्या हातात होतं."

"त्याला सांग, गळ माझा होता!"

"बोटीत काय करता तुम्ही?" लॉटीने न राहवून विचारलं.

"कॅझ मध्ये बसायचा," ह्युबर्ट म्हणाला.

ड्वेनने खोकं खाली ठेवलं. तो हसत होता. आता त्याला ते लपवता येत नव्हतं. "बस झालं. असली भांडणं कोणी बनवून आणत नाही." त्याने वही काढली आणि उभ्यानेच लिहायला लागला. मासे सहा परवानाधारकांचे, संख्या मर्यादेत. दुसऱ्याचे मासे ठेवायचे तर वर नाव-पत्ता लिहावा लागतो, तो लिहिला नव्हता, त्याबद्दल तोंडी समज. चर्चने विक्री केली, त्याबद्दल लेखी ताकीद, सही फादरची.

"पेपरमध्ये काय येणार?" लॉटीने विचारलं.

"चर्चचं नाव. फादरचं. तुमचं नाही आणि कॅझचं तर नाहीच."

"फादर बेशुद्ध पडतील," ती म्हणाली आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की आधी कोणाला कळेना, ती रडतेय की हसतेय. ती हसत होती. पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑर्डेलने तिच्यासमोर ब्रँडीचा छोटा ग्लास ठेवला आणि तिने तो एका दमात पिऊन टाकला. पाच म्हाताऱ्यांनी ते श्रद्धेने बघितलं.

"नाव राहू दे," जाताना ती ऑर्डेलला म्हणाली. "आणि नीट कोरा. त्याच्या आडनावात सगळे चुकतात."

फादर लेनने ताकीद दोनदा वाचली, सही केली, आणि दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले की ताकीद म्हणजे शिक्षा नव्हे. पुढच्या शुक्रवारी फक्त कॉड होता. रांग जिन्यापर्यंतच आली. व्हर्जी म्हणाली, "गेली ती मजा," आणि लॉटीने तिला कांदे चिरायला बसवलं.

शनिवारी सकाळी दहाला पाच म्हातारे गॅरेजच्या दाराशी येऊन उभे राहिले. दाढ्या केलेल्या, स्टाशच्या गळ्यात तर टायसुद्धा. उरलेली चार खोकी न्यायला आले होते. ती आणि रिकामी चौदाही ड्वेनने परत आणून दिली होती.

"इकडे कुठे?" लॉटीने स्वयंपाकघराचं दार उघडलं. "इकडून या. पाय पुसून. स्टाश, तू दोनदा पूस."

ते आत आले आणि टेबलाभोवती हातात टोप्या धरून बसले, जसे डॉक्टरकडे बसतात. तिने कॉफी ओतली आणि गरम केक पुढे ठेवला. केकचा तुकडा संपवून ह्युबर्टने विचारलं, "आता पुढच्या शरदात कसं? बोट तर तू भाच्याला दिलीस."

"भाचा नेईल तुम्हाला. मी बोललेय त्याच्याशी. लेविन्स्कींच्या मध्ये बसायचं हे पण सांगितलंय."

"आणि फ्रीझर?"

"चालूच आहे. पण प्रत्येक खोक्यावर नाव, पत्ता, मोठ्या अक्षरात. साफ तुमचं तुम्ही करायचं, गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवून. मी त्या वासात हात घालणार नाही. आणि माझे किती, तुझे किती यावरून भांडण झालं तर सगळे मासे व्हर्जीच्या मांजराला."

"चालेल," अँब्रोझ म्हणाला. तीन बोटांच्या हाताने तो रिकाम्या खोक्यांची चळत चाचपत होता. "पण एवढी खोकी लागतात. कॅझ इतकं दूध आणायचा कुठून?"

लॉटीने विचार केला. कॅझ रोज रात्री जेवणाबरोबर दोन ग्लास दूध प्यायचा. त्याला दूध आवडतं अशीच तिची समजूत होती. पण तिच्या सासूने एकदा सांगितलं होतं की लहानपणी तो दुधाच्या वासानेही पळून जायचा.

"प्यायचा," ती म्हणाली. "बिचारा प्यायचा."

"मग आता पिणार कोण?" स्टाशने विचारलं.

लॉटी उठली, फ्रिज उघडला, दुधाचं खोकं काढलं आणि पाच ग्लास टेबलावर मांडले.

"आँ?" थोरला लेविन्स्की म्हणाला. "आत्ता?"

"सप्टेंबरला सहाच महिने राहिलेत," ती म्हणाली, आणि ओतायला लागली.